बेचाळीस किलोमीटरनंतरचे अंतर

मॅरेथॉन धावणाऱ्या हौशी धावपटूंना एक अनुभव हमखास येतो. मनगटावरचे घड्याळ ४२.१९५ किलोमीटर पूर्ण झाल्याचे सांगते, पण अंतिम रेषेची कमान अजून तीनचारशे मीटर दूरच असते. चार तासांच्या आत शर्यत संपवण्याचा संकल्प नेमका याच टप्प्यात हुकतो. मग दोष आयोजकांच्या मोजमापाला दिला जातो. बहुतेक वेळा तो अनाठायी असतो.

मुळात हे विचित्र अंतर आले कोठून? १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन सुमारे ४० किलोमीटरची होती. १९०८मध्ये लंडनला शर्यतीचा प्रारंभ विंडसर किल्ल्यापासून झाला. स्टेडियमपर्यंत २६ मैल आणि आत राजघराण्याच्या कक्षासमोर शेवट होण्यासाठी आणखी ३८५ यार्ड, असा मार्ग आखला गेला. या ३८५ यार्डांनीच इटलीच्या दोरांदो पिएत्रीचा घात केला. तो सर्वांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला, पण ग्लानीमुळे उलट दिशेने वळला आणि वारंवार कोसळला. अधिकाऱ्यांनी हात देऊन त्याला रेषेपार नेले. त्या मदतीमुळेच तो बाद ठरला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेज याला मिळाले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला खास चषक देऊन गौरवले.

तरीही अंतर लगेच निश्चित झाले नाही. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तर मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा ५५५ मीटर लांब होती. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्याच शर्यतीत धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. लंडनचेच अंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण ठरवले ते १९२१मध्ये.

आज मार्ग मोजला जातो तो अंशांकित सायकलने. मोजणारा शक्य तितक्या जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून अवघे ३० सेंटिमीटर अंतर राखून जातो. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरला जातो. संपूर्ण मॅरेथॉनमध्ये ही भर सुमारे ४२ मीटरची होते. उरलेले अंतर धावपटू स्वतःच वाढवतो. गर्दीतून वाट काढताना, पाण्याच्या टेबलाकडे वळताना आणि वळणे बाहेरून घेताना तो नकळत जास्त धावतो. शिवाय उंच इमारतींमध्ये आणि पुलांखाली उपग्रहांचे संकेत विस्कळीत होऊन घड्याळही चुकते.

या फरकाची किंमत मोठी आहे. चार तासांसाठी प्रतिकिलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंदांची गती लागते. याच गतीने ४०० मीटर जास्त धावावे लागले, तर सव्वादोन मिनिटे अधिक लागतात. तीसेक किलोमीटरनंतर शरीरातील ग्लायकोजेनचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी ही तूट भरून काढणे जवळजवळ अशक्य.

म्हणून जाणकार धावपटू हिशेब आधीच करतात. उद्दिष्ट ४२.६ किलोमीटरचे धरले, तर घड्याळावर प्रतिकिलोमीटर ५ मिनिटे ३८ सेकंदांची गती राखावी लागते; फरक अवघ्या तीन सेकंदांचा. वळणे आतल्या कडेने घ्यावीत आणि मार्गावरील किलोमीटरच्या फलकांशी वेळ ताडून पाहावी. फलक आणि घड्याळ यांत तफावत दिसली, तर विश्वास फलकावर ठेवावा.

घड्याळातला आकडा पूर्ण झाल्याचे समाधान क्षणिक असते. शर्यत संपते ती रेषेपाशीच. पिएत्रीला २६ मैल धावता आले होते. उरले होते ते स्टेडियममधले थोडेसे अंतर. संकल्प सिद्धीस न्यायचा असेल, तर त्या थोड्याशा अंतरासाठीची ताकद पहिल्या किलोमीटरपासूनच राखून ठेवावी लागते.