भुकटीचे विशिष्ट गुरुत्व आणि आपला खोडवा



दगडाचे आकारमान काढायचे तर तो काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवावा आणि सांडलेले पाणी मोजावे. पण मातीसारख्या भुकटीचे काय? मापटे भरून वजन केले तरी कणांबरोबर मधली पोकळीही मोजली जाते. आणि ऊस जगतो तो या पोकळीवरच. मुळांना हवा-पाणी तिथूनच मिळते. म्हणून कण किती आणि पोकळी किती, हे वेगळे काढावे लागते.

कणांचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट वजन, ते घनता-बाटलीने काढतात. तिच्या बुचाला बारीक भोक असते. जादा पाणी त्यातून निघून जाते आणि बाटली दर वेळी सारखीच भरते.

समजा, रिकामी बाटली २५ ग्रॅम. वाळवून चाळलेली माती घालून ३५. म्हणजे माती १० ग्रॅम. तीवर पाणी भरून वजन ८१.२. बाटली धुऊन नुसते पाणी भरले तर ७५. मातीने जागा अडवली नसती तर ७५ अधिक १०, म्हणजे ८५ भरायला हवे होते. भरले ८१.२. याचा अर्थ ३.८ ग्रॅम पाण्याची जागा मातीने घेतली. १० भागिले ३.८, उत्तर २.६३. बहुतेक जमिनींत हा आकडा २.६५ च्या जवळपास येतो.

एक काळजी घ्यावी. कणांना हवेचे बुडबुडे चिकटतात आणि उत्तर कमी येते. म्हणून आधी थोडेच पाणी घालून हलकी उकळी द्यावी आणि गार झाल्यावर बाटली भरावी. साखर मात्र पाण्यात विरघळते. तिथे रॉकेल वापरतात आणि आलेल्या उत्तराला रॉकेलच्या विशिष्ट गुरुत्वाने गुणतात. साखरेचे सुमारे १.५९ येते.

आता शेतात चला. पेठच्या बाजूची मुरमाड जमीन आणि घोड नदीकाठची काळी, हाताला किती वेगळ्या लागतात! कणांचा आकडा मात्र फारसा बदलत नाही. खरा फरक पोकळीत असतो.

वाफशावर १० सेंटिमीटर व्यासाचा, तेवढाच लांब पाइपचा तुकडा जमिनीत ठोकून माती न दाबता काढा. पाइपात ७८५ घन सेंटिमीटर माती मावते. ती भट्टीत १०५ अंशांवर पूर्ण वाळवून तोला. समजा, सरीतली १०२१ ग्रॅम भरली, घनता १.३. ट्रॉलीच्या चाकोरीतली १२५६ भरली, घनता १.६. या आकड्यांना २.६३ ने भागून पाहा. सरीत निम्मी जागा पोकळ आहे, चाकोरीत शंभरात ३९ भागच. भारी जमिनीत घनता १.४-१.५ च्या वर गेली की मुळं अडतात. मग खोडवा पिवळा पडतो, आपण युरिया वाढवतो, अन् पैसा पाण्यात जातो. गेलेली पोकळी खताने परत येत नाही हो!

काळी माती वाळली की आक्रसते, म्हणून दोन्ही नमुने एकाच ओलीचे घ्यावेत.

उपाय आपल्याच हाती आहेत. वाफसा आल्याशिवाय ट्रॉली आत घालू नये. वाहनाला एकच वाट ठेवावी. पाचट जाळू नये. लागणीआधी ताग गाडावा. तळ कठीण झाला असेल तर जमीन कोरडी असताना सबसॉयलर चालवावा.

पुढच्या खोडव्याला खताची गोणी फोडण्याआधी पाइपभर माती तोलून पाहा.