आख्यान ख्रिस्ताचेच

जुन्या जालन्यातून कुंडलिका ओलांडली की नवा जालना. या निजामी मुलखातल्या गावाच्या परिसरात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात आपले काम उभे केले. ब्राह्मण घरातला हा तरुण 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. तिथे आलेल्यांत मांग समाजातली कुटुंबे बरीच होती.

अशा श्रोत्यांपुढे प्रवचनकाराने काय सांगायचे? शेती, शाळा, जातीचा जाच, सगळेच विषय निकडीचे. पण ख्रिस्ती प्रवचनाची जुनी कसोटी अशी की, या विषयांची वाट येशूपर्यंत गेली पाहिजे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच आग्रह आहे: वक्तृत्व बाजूला, क्रुसावरचा ख्रिस्त पुढे. तो नसेल तर उरते ते नीतीचे व्याख्यान, आणि ते द्यायला पाद्री कशाला हवा!

मराठी ख्रिस्ती मंडळींना यावर घरचाच तोडगा सापडला, तो म्हणजे कीर्तन. पूर्वरंगात बुवा एखादे तत्त्व उलगडतात, मध्येच पेटी-तबल्यावर पद होते, आणि उत्तररंगात आख्यान. ते येशूचे असले की विषय भरकटायला जागाच थोडी राहते. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी तर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यच लिहायला घेतले. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा हे काव्य अपुरे होते. त्याचा मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरा केला.