रॉक मशीन, इंडस क्रीड आणि आर्वीची खंजिरी

आश्विन वद्य पंचमी जवळ आली की आर्वी तालुक्यातल्या गावागावांतून मोझरीला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. तिथल्या तिवसा तालुक्यात, मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची समाधी आहे. महाराज याच तिथीला, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले, तेव्हापासून दिवाळीच्या आधीचे हे दिवस आमच्या भागात खंजिरीचे दिवस असतात. भजन मंडळांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात आणि त्याच तालमींत दरवर्षी एक वाद पेटतो. तरुण पोरांना ऑक्टोपॅड हवा असतो, सिंथेसायझर हवा असतो. म्हातारे म्हणतात, "हे भजन नाही होय बाप्पा, हा तं आर्केस्ट्रा झाला."

या वादाकडे कुणी गावकी म्हणून पाहू नये. गेली साठ वर्षे जगभरातल्या रॉक संगीताचे चाहते हाच वाद घालत आले आहेत. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या एका बँडचे आहे, आणि ते आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही.

आधी थोडे बाहेर पाहू. २५ जुलै १९६५, अमेरिकेतले न्यूपोर्ट, लोकसंगीताचा महोत्सव. बॉब डिलन हा तोवर साधी गिटार आणि माउथऑर्गन घेऊन गाणारा, निषेधगीतांचा कवी म्हणून पूजला जाणारा तरुण. त्या संध्याकाळी तो इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून आणि सोबत बँड घेऊन मंचावर आला. श्रोत्यांतून हुर्यो उठली. ती हुर्यो नव्या आवाजाविरुद्ध होती, खराब ध्वनियोजनेविरुद्ध होती की कार्यक्रम लवकर आटोपल्याबद्दल होती, यावर अजून पुस्तके लिहिली जातात. पुढच्या वर्षी १७ मे १९६६ ला मँचेस्टरमध्ये मात्र शंकेला जागा उरली नाही. दोन गाण्यांमधल्या शांततेत एक श्रोता ओरडला, "ज्युडास!" ख्रिस्ताला दगा देणाऱ्या शिष्याचे हे नाव. केवळ वाद्य बदलल्यामुळे गायकाला विश्वासघातकी ठरवणारा हा माणूस मला वेडा वाटत नाही. त्याने डिलनची जुनी गाणी आयुष्यात आधारासारखी धरली असणार. ज्याने कान देऊन ऐकलेले नसते तो ओरडतही नाही, नुसता उठून जातो.

मेटॅलिका या बँडचेही तेच झाले. १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'वर वाढलेल्या चाहत्यांना १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम सौम्य वाटला. निर्माता बॉब रॉक याने गती कमी केली, गाणी आटोपशीर केली. तो अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक खपला आणि नेमक्या याच खपाला जुने चाहते गुन्ह्याचा पुरावा मानू लागले. १९९६ च्या 'लोड'च्या वेळी तर बँडने लांब केस कापले, त्यावरही वर्षानुवर्षे भांडणे झाली.

आता मुंबई. 'रॉक मशीन' हा बँड १९८४ साली उभा राहिला. महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बेस गिटारवर. नंतर उदय बेनेगल गायक म्हणून, जयेश गांधी गिटारवादक म्हणून आणि झुबिन बालापोरिया कीबोर्डवादक म्हणून आले. त्या काळी भारतात रॉक बँड म्हणजे डीप पर्पल, लेड झेपलिन यांची गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी. कॉलेजांच्या महोत्सवांत श्रोत्यांची फर्माईशही तीच असायची आणि स्वतःचे गाणे वाजवू लागले की लोक कंटाळायचे. अशा श्रोत्यांसमोर रॉक मशीनने स्वतःची गाणी रेटून धरली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे अल्बम आले. कॅसेटच्या जमान्यात इंग्रजीतून स्वतःचे रॉक लिहिणाऱ्या भारतीय बँडचा सबंध अल्बम दुकानात मिळणे ही मोठी गोष्ट होती.

या दोन्ही अल्बममधला आवाज ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन हार्ड रॉकचा आहे. उंच पट्टीतले गाणे, मधोमध गिटारचा लांब तुकडा, सगळ्यांनी मिळून म्हणायचा मुखडा. त्यात जोम आहे आणि वाजवणाऱ्यांचा हात तयार आहे. चेहरा मात्र उसना आहे, असे माझे मत आहे.

मग १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या. स्टार टीव्हीवरून एमटीव्ही दिसू लागला. पुलगावहून नॅरो गेजच्या छोट्या गाडीने जिथे यावे लागे, त्या आर्वीसारख्या गावातही पुढे केबलवाल्याच्या तारेतून अमेरिका घरात आली. तोवर ज्यांचा आवाज आपण रॉक मशीनमधून ऐकत होतो, ते मूळचे लोकच आता समोर दिसू लागले. मूळ दारात आल्यावर नकलेचे काय काम, हा प्रश्न त्या वेळच्या प्रत्येक भारतीय बँडपुढे उभा राहिला. रॉक मशीनचे 'प्रिटी चाइल्ड' हे गाणे याच एमटीव्हीवर गाजले, म्हणजे नव्या वाटेने फायदाही त्यांचाच झाला. तरी १९९३ मध्ये या मंडळींनी ऐन लोकप्रियतेत स्वतःचे नावच टाकून दिले आणि 'इंडस क्रीड' हे नवे नाव घेतले. नावात सिंधू नदी आली. १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. 'ट्रॅप्ड', 'स्लीप' ही त्यातली गाणी अंतर्मुख आहेत. आधीचा उंडारलेला उत्साह त्यांत नाही, शब्दांना वजन आहे.

माझ्या ओळखीच्या जुन्या श्रोत्यांत इथे सरळ दोन तट पडतात. एका तटाला रॉक मशीनच खरे वाटते. त्यांच्या मते नाव बदलले तिथे बँड संपला. दुसरा तट म्हणतो, बँड सुरूच मुळी १९९३ ला झाला. मी दुसऱ्या तटातला आहे. पण पहिल्या तटाचे म्हणणे मला कळते. ज्या मुलाने नागपूरला सीताबर्डीवर पैसे साठवून कॅसेट घेतली, झिजेपर्यंत ऐकली, त्याला ते गाणे स्वतःच्या वयाचा पुरावा वाटते. बँडने पुढे जावे म्हणणे सोपे आहे, पण त्या मुलाचे सतरावे वर्ष त्याच कॅसेटमध्ये अडकलेले असते.

१९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' या नावाने भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताची सांगड घातली. म्हणजे १९९३ मध्ये जी दिशा नावात दिसली, ती चार-पाच वर्षांनी सुरांत पुरती उतरली. २०१० मध्ये बँड पुन्हा जमला. २०१२ च्या 'इव्हॉल्व्ह' या अल्बममधली गाणी लांब आणि गुंतागुंतीची आहेत. त्याचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. पर्ल जॅम या बँडच्या 'टेन' अल्बमचे ध्वनिमिश्रण करणारे हेच. वीस-पंचवीस वर्षांत तीन वेळा कूस बदललेला आणि तरी पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवे काही सांगू पाहणारा दुसरा बँड आपल्या राज्यात मला आठवत नाही.

बदल विकण्यासाठी केला की गरजेतून, हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. बदलामुळे कलावंताचे काम सोपे झाले की अवघड, ते पाहावे. इंडस क्रीडने रुळलेले नाव सोडून स्वतःचे काम अवघड केले. मेटॅलिकाच्या १९९१ च्या अल्बमबद्दल मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही.

हीच कसोटी खंजिरीला लावून पाहा. तुकडोजी महाराजांचे गुरू आडकोजी महाराज. ते मूळचे आपल्या आर्वीचे, पुढे वरखेडला स्थिरावले. त्यांच्या सहवासातून निघालेल्या माणिक नावाच्या मुलाने खंजिरी हाती घेतली आणि देवाच्या भजनात गावची सफाई, व्यसनमुक्ती आणि स्वातंत्र्य आणले. १९४२ च्या आंदोलनात त्यासाठी तुरुंगवासही भोगला. त्यांच्या भजनसंग्रहांत अनेक भजनांच्या डोक्यावर 'तर्ज' म्हणून दुसऱ्या गाण्याचे नाव छापलेले आहे. लोकांच्या ओठांवर असलेली चाल त्यांनी बिनदिक्कत घेतली आणि तिच्यात आपले शब्द भरले. म्हणजे ज्याला आज आपण 'मूळ बाज' म्हणतो, तोही त्या काळचा नवा बाज होता. पुढे अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी एका खंजिरीच्या जागी सात खंजिऱ्या समोर मांडल्या, सातही एकटे वाजवत वऱ्हाडी बोलीत प्रबोधन केले. एका हाताची सवय मोडून सात खंजिऱ्यांचा मेळ साधायला किती घाम लागतो, हे वाजवणाऱ्याला विचारा. हा बदल अवघड वाटेचा होता, म्हणून तो टिकला.

ऑक्टोपॅडबद्दल मात्र मी आर्वीतल्या म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे. त्यात भरून ठेवलेला ताल बटण दाबल्यावर सुरू होतो आणि वाजवणाऱ्याचे बोट मोकळे राहते. भजनात टाळकरी, खंजिरीवाला आणि मागे बसलेले श्रोते एकमेकांकडे पाहून लय वाढवतात, उतरवतात. यंत्राचा ताल ठरलेल्या वेगाने पुढे जातो, त्याला समोरच्या डोळ्यांतले दिसत नाही. पोरांनी यंत्र जरूर आणावे, पण ते हाताने वाजवावे, पोटात भरलेला ताल लावून देऊ नये. तसे केले तर मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

आणि एक विनंती. हा वाद नीट घालायचा तर दोन्ही आवाज कानांसमोर हवेत. इंडस क्रीडची गाणी आज सहज मिळतात. आपल्या गावच्या मंडळांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेली भजने मात्र कुठेच मिळणार नाहीत, ती फक्त तुमच्या माळ्यावरच्या डब्यात आहेत. ओल लागून त्या फितींना बुरशी चढते. या दिवाळीच्या साफसफाईत त्या कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका. आवाज मोबाइलमध्ये उतरवून देणारा एखादा मुलगा गावात असतोच; त्याच्याकडे द्या आणि कोणत्या मंडळाचे, कोणत्या साली, कोण गात होते, हे आठवत असेल तोवर वर लिहून ठेवा.