इटालिक अक्षर : घडण आणि उपयोग

इंग्रजी पुस्तकाच्या पानावर उभ्या अक्षरांच्या ओळींत मधूनच काही शब्द उजवीकडे झुकलेले दिसतात. या झुकत्या अक्षरांस इटालिक असे म्हणतात. आज ती उभ्या अक्षरांची सोबत करीत असली, तरी त्यांचा जन्म संपूर्ण ग्रंथ छापण्यासाठी झाला.

व्हेनिस येथील विद्वान मुद्रक आल्डस मॅन्युशियस याने १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिल याचे काव्य हातात सहज मावेल अशा लहान आकारात छापले. हे संपूर्ण पुस्तक इटालिक अक्षरांत जुळविलेले होते. अक्षरांचा आदर्श होता तत्कालीन इटालियन विद्वानांचे व कचेऱ्यांतील लेखकांचे धावते हस्ताक्षर. फ्रांचेस्को ग्रिफ्फो या कारागिराने पोलादी ठशांच्या टोकांवर ही अक्षरे उलटी कोरली. असा ठसा तांब्यात ठोकून साचा करावयाचा व त्यात वितळलेला धातू ओतून खिळे पाडावयाचे, अशी ती पद्धती होती.

१५०२ मध्ये व्हेनिसच्या शासनाने या अक्षराचा विशेषाधिकार आल्डसला दिला. ग्रिफ्फो मात्र त्याला सोडून फानो येथील मुद्रक सोन्चिनो याच्याकडे गेला. सोन्चिनोने १५०३ मध्ये छापलेल्या पेट्रार्कच्या काव्यग्रंथात या अक्षराच्या निर्मितीचे श्रेय ग्रिफ्फोचेच असल्याचे जाहीर केले. मुद्रकाचे नाव ग्रंथावर झळकते. ठसे कोरणारा बहुधा अज्ञातच राहतो. म्हणून या नोंदीचे मोल मोठे आहे.

उभे अक्षर नुसते तिरपे केल्याने इटालिक होत नाही. लेखणीच्या गतीमुळे त्याची आकृतीच बदलते. छोटा ‘ए’ एकमजली होतो, ‘एफ’चे शेपूट ओळीखाली उतरते, आणि अक्षरे अरुंद होऊन एकमेकांकडे ओढ घेतात. खिळ्याच्या चौकटीबाहेर आलेला असा भाग छपाईत सहज मोडे. म्हणून काही अक्षरजोड्या एकत्रच ओतीत असत. आल्डसची मोठी अक्षरे उभीच होती; ती झुकविण्याची प्रथा नंतर रूढ झाली.

पुढे उभ्या मजकुरात वेगळेपणा दाखविण्यासाठी इटालिकचा वापर होऊ लागला. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये अनुवादकांनी पदरचे घातलेले शब्द इटालिकमध्ये छापले आहेत. ग्रंथांची व जहाजांची नावे, तसेच परभाषेतील शब्द याच अक्षरांत देण्याचा प्रघात आहे.

शास्त्रीय लेखनात तर या भेदावर अर्थ अवलंबून असतो. आंब्याचे ‘मॅन्जिफेरा इंडिका’ हे शास्त्रीय नाव रोमन लिपीत इटालिकमध्ये छापतात. भौतिकीत इटालिक ‘एम’ म्हणजे वस्तुमान, तर उभा ‘एम’ म्हणजे मीटर. जुळाऱ्याने एक खिळा बदलला, की राशीचे एकक होते आणि सूत्र निरर्थक ठरते.

देवनागरीस अशी परंपरागत जोडलिपी नाही. तेथे ठळक अक्षरे किंवा अवतरणचिन्हे हे कार्य करतात. साधन कोणतेही असो, कोणता शब्द वेगळा आहे हे वाचकास न अडखळता कळावे, हाच त्याचा हेतू होय.