सिद्दी रिसाल्याचा ठेका

जमैकातून आलेल्या स्का संगीताच्या भारतातल्या बँडचा विषय निघाला की दिल्लीच्या ‘स्का व्हेंजर्स’चं नाव पुढे येतं. २००९ साली जमलेली ही मंडळी. पहिला अल्बम २०१२चा. हैदराबादच्या नावावर असा बँड सांगता येत नाही. पण पायाला स्वस्थ बसू न देणारा ताल, समुद्रापलीकडून आणलेल्या आफ्रिकी माणसांचा वारसा आणि कुठल्याही कंपनीच्या आधाराविना पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वाजवणाऱ्यांची टोळी, हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर मासाब टँकजवळच्या ए. सी. गार्ड्स मोहल्ल्यात जावं. तिथे मर्फा वाजतो.

ए. सी. गार्ड्स म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स. निजामाच्या या घोडदळात सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे लोक, होते. त्यांची वस्ती मशीद-ए-रहमानियाच्या आसपास, आजही जुनी माणसं तिला सिद्दी रिसाला म्हणतात. दुसरीकडे शहरातल्याच बारकस वस्तीत हद्रामौतहून, म्हणजे आजच्या येमेनमधून, आलेले अरब शिपाई राहत. मराठवाड्यात चाऊश आडनावाची घरं आहेत, ती याच अरबांची. १९५६पर्यंत तो मुलूखही हैदराबाद राज्यातच होता. मर्फा घडला तो या दोन वस्त्यांमध्ये. पूर्व आफ्रिकेचा ताल आणि अरबी वाद्यं यांचा त्यात इतका मिलाफ झाला आहे की कुणाचं काय, हे वेगळं काढणं आता व्यर्थ आहे.

वाद्यं मोजकी. मर्फा हा चामड्याने मढवलेला वाटोळा नगारा, त्याचंच नाव साऱ्या प्रकाराला मिळालं. सोबत डफ, ढोल, स्टीलची घागर आणि थापी, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या. आपल्याकडे हलगी शेकतात तशी डफाची कातडी वाजवण्याआधी विस्तवावर धरली जाते. ऊब लागली की ती ताणते आणि आवाज चढतो. मग ढोल जमीन धरतो आणि त्यावर थापी टणटणायला लागते. घागरीचा पितळी नव्हे, पत्र्याचा खणखणाट मध्येच असा घुसतो की ऐकणाऱ्याचा हिशेब चुकतो. गाणं असलं तर असलं, नसलं तरी अडत नाही. पुढे तलवारी आणि लाठ्या घेऊन पुरुष नाचतात. लष्कराची खूण तेवढी हातात उरली आहे.

स्काशी याचं नातं जोडताना मात्र जपून बोलायला हवं. जमैकातला स्का १९५०च्या दशकाच्या अखेरीस किंगस्टनमध्ये आकाराला आला. तिथलं मेन्टो लोकसंगीत, अमेरिकन जॅझ आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांतून. एक-दोन-तीन-चार मोजलं तर गिटार आकड्यांवर पडत नाही, मधल्या फटीत पडते. १९६२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हाच ताल रस्त्यारस्त्यावर होता, १९६८च्या सुमारास त्यातूनच रेगे निघाला आणि २०१८ साली युनेस्कोने रेगेला वारसा म्हणून मान्यता दिली. जमैकातल्या आफ्रिकी लोकांचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिकवरून गेले, हैदराबादचे सिद्दी हिंदी महासागरावरून आले. म्हणजे ही भावंडं नव्हेत. पण गुलामी आणि शिपाईगिरी भोगलेल्या माणसांनी परमुलखात ढोलावर आपली जागा राखली, हे दोन्हीकडे खरं आहे. आणि उलटी वाटही आहे: १८४५पासून भारतीय मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले.

सप्टेंबर १९४८मध्ये संस्थान भारतात विलीन झालं. पुढे घोडदळ मोडलं, पगार गेला. जी माणसं दरबारी समारंभांत वाजवत होती त्यांनी मिळेल ते काम धरलं आणि मर्फा लग्नाच्या वरातीत आला. माझ्या मते या कलेचा खरा कस इथे लागला. राजाश्रय गेल्यावर पुष्कळ दरबारी कला आटल्या. मर्फा रस्त्यावर उतरून टिकला, किंबहुना फैलावला. त्याचा ‘तीनमार’ ठेका आता शहरभर झाला आहे. वरातीत तो आहे, बोनालूच्या सणात आहे, गणेश विसर्जनातही आहे. तेलुगू वृत्तवाहिनी व्ही-सिक्सच्या एका लोकप्रिय बातमीपत्राचं नावही तीनमारच.

गंमत अशी की ठेका गाजला आणि वाजवणारे मागे पडले. डीजेच्या गाडीवर तीनमारचं रेकॉर्डिंग लावलं की बारा माणसांची टोळी बोलावण्याची गरज यजमानाला वाटत नाही. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिनियम आडवे येतात, आणि वरात तर दहानंतरच रंगते. टोळ्यांत शिकवणी नाही, वह्या नाहीत. पोरगं मोठ्यांच्या मागे उभं राहून घागर वाजवतं, हात बसला की डफावर येतं. कुणी किती वर्षं वाजवलं, कोणता तोडा कुणाचा, याची नोंद कुठल्या तबकडीवर सापडत नाही. जमैकाचं नशीब असं की तिथल्या स्टुडिओंनी वादकांना वेळेवर माइकसमोर उभं केलं. ‘स्कॅटालाइट्स’ हा स्काचा पायाभूत बँड १९६४ साली स्थापन होऊन १९६५मध्येच फुटला, तरी त्यांचं वादन आज घरबसल्या ऐकता येतं.

तेव्हा हैदराबादला लग्नाला जाल आणि वरातीत मर्फा असेल, तर नवरदेवाच्या घोड्याइतकाच वाजवणाऱ्यांचाही व्हिडिओ घ्या. त्यांची नावं विचारून त्याखाली लिहा. आणि यजमान ओळखीचा असेल तर बिदागी त्याच रात्री हातावर ठेवायला सांगा.