उपचारकाच्या खोलीतील समानता
१८ एप्रिल १९५७ रोजी अमेरिकेतील ॲन आर्बर येथे, मिशिगन विद्यापीठात, एक जाहीर संवाद झाला. एकीकडे ७९ वर्षांचे तत्त्वज्ञ मार्टिन बूबर, तर दुसरीकडे ५५ वर्षांचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स. उपचाराच्या ओघात रुग्ण व उपचारक यांच्यात असा क्षण येतो काय, की ज्यात केवळ दोन माणसे उरतात, हा त्यातील कळीचा प्रश्न होता.

रॉजर्स यांचे उत्तर होकारार्थी होते. उपचारकाने अधिकाराचा अंगरखा उतरवून रुग्णाला आहे तसे स्वीकारले, तर खऱ्या परिवर्तनाच्या क्षणी दोघेही एका पातळीवर येतात, आणि त्या भेटीने उपचारकही बदलतो, असे ते म्हणत. बूबर यांनी या अनुभवाची सत्यता नाकारली नाही; परंतु परिस्थितीकडे बोट दाखविले. रुग्ण मदतीसाठी उपचारकाकडे येतो, उपचारक रुग्णाकडे जात नाही. एकाला दोन्ही बाजू पाहता येतात, दुसऱ्याला ती मुभा नसते.

'मी आणि तू' (१९२३) या ग्रंथाच्या कर्त्याकडून असा आक्षेप यावा, याचे अनेकांना नवल वाटेल. तथापि बूबर हे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांचे विद्यार्थी होते. १९०६ पासून त्यांनी संपादिलेल्या 'समाज' या जर्मन ग्रंथमालेच्या प्रास्ताविकातच, माणसामाणसांच्या दरम्यान जे घडते त्याला त्यांनी स्वतंत्र अभ्यासविषय मानले होते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातही १९३८ पासून ते सामाजिक तत्त्वज्ञान शिकवीत. भेटीइतकीच भेटीची चौकटही त्यांना दिसत असे.

या वादात बूबर यांची बाजू अधिक पटते. शुल्क एक देतो, दुसरा घेतो. वेळ संपल्याचे सांगण्याचा अधिकार घेणाऱ्याकडेच असतो. (अर्थशास्त्राला हा व्यवहार परिचित आहे.) शिवाय समानतेची अनुभूती ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला फार लवकर होते, समोरच्याला ती झाली की नाही, हे विचारावयाचे राहून जाते. अर्थात रॉजर्स यांनी उपचारशास्त्रात ऐकण्याला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती यामुळे उणावत नाही. पुढे डॅनिएल स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही अशा 'भेटीच्या क्षणां'चा बारकाईने अभ्यास केला. हे क्षण आधी योजून आणता येत नाहीत, असेच त्यांनाही आढळले.

बूबर यांच्या सावधपणामागे एक जुनी खंत असावी. जुलै १९१४ मध्ये एक अनोळखी तरुण त्यांना भेटावयास आला. सकाळ ध्यानमग्न अवस्थेत गेली होती. बूबर त्याच्याशी सौजन्याने, मोकळेपणाने बोलले, त्याच्या प्रश्नांना उत्तरेही दिली. काही काळाने त्याच्या मित्राकडून कळले, की तो तरुण आता हयात नाही, आणि त्या दिवशी तो गप्पांसाठी नव्हे, निर्णयासाठी आला होता. त्याने न विचारलेले प्रश्न आपण ओळखू शकलो नाही, असे बूबर यांनी पुढे लिहून ठेवले आहे.