विचारून बांधलेला दवाखाना

आदिवासी लोकांच्या आरोग्याविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून बोलणे निघाले म्हणजे बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक, ते बिचारे अज्ञानात बुडालेले आहेत, त्यांस शिकविले पाहिजे. दुसरा, ती निसर्गाची लेकरे आहेत, त्यांस आपल्या सुधारणेचा वाराही लागू देऊ नये. प्रस्तुत लेखकाने पहिला सूर पुष्कळ वर्षे आळविला आहे. म्हणून पुढील मजकूर वाचकांनी काहीसा प्रायश्चित्तादाखल समजावा.

१९८१ च्या सुमारास मी त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात एका शाळेत संस्कृत व मराठी शिकवीत असे. वर्गात एक गोंड मुलगा होता. शब्दरूपे एकदा ऐकली की त्याची पाठ होत. त्याच्या धाकट्या बहिणीस ताप येऊन धाप लागली असे कळल्यावरून मी त्याच्या बापास बोलावून घेतले आणि मुलीला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यास बजावले. तो बराच वेळ उभा राहिला, आणि मग म्हणाला, "गुरुजी, तिथं गेलेला मानूस पांढऱ्या कपड्यातच वापस येते." मी सर्व वर्गासमक्ष त्याच्या अडाणीपणाची हजेरी घेतली. चौथ्या दिवशी मुलगी गेली. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. आपलेच म्हणणे खरे ठरले, असे त्या वेळी मला वाटले होते, हे लिहिताना आज हात अडखळतो.

पुढल्याच वर्षी, १९८२ मध्ये, तो भाग तोडून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अरण्याचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरांत सुमारे एकोणचाळीस लोक आदिवासी, मुख्यतः गोंड व माडिया. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील शिक्षण आटोपून १९८६ साली तेथे कामास लागले. आदिवासी रुग्ण दवाखान्याकडे फिरकत नाहीत हा अनुभव त्यांसही आला. परंतु मी जेथे रागावलो तेथे त्यांनी विचारले: का येत नाही?

उत्तरे मिळाली ती ऐकण्यासारखी आहेत. दवाखान्याची इमारत अवाढव्य, आत गेलेला माणूस वाट चुकतो. तेथील लोक बोलतात ते समजत नाही. नातलगांस बाहेर काढतात, रोगी एकटा पडतो. तेथे माणसे मेलेली असतात, त्यांचे आत्मे फिरतात आणि त्यांस आवरणारा देव तेथे नसतो. शिवाय पांढरी वस्त्रे! आमच्याकडे प्रेत पांढऱ्यात गुंडाळतात, आणि तुमचे डॉक्टर तीच नेसून हिंडतात. त्या बापाचे वाक्य मला इतक्या वर्षांनी उलगडले. त्याने भुताची गोष्ट सांगितलीच नव्हती. त्याने काय पाहिले होते ते सांगितले होते.

मग दवाखाना कसा हवा, हेही त्यांनाच विचारण्यात आले. गडचिरोली-धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम वसले, त्यात हा दवाखाना आहे. रुग्णांसाठी झोपड्या, रोग्याबरोबर त्याची माणसे राहतात, आपला स्वयंपाक आपण करतात. नाव कोणाचे द्यावे? लोकांनी आपल्या देवीचे दिले: माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीच्या जत्रेस गावोगावचे लोक जमतात, आणि आरोग्याचा कोणता प्रश्न अगोदर हाती घ्यावा याची चर्चा तेथे होते. रोग डॉक्टरांनी निवडावयाचा नाही, गावाने निवडावयाचा, असा हा प्रकार आहे.

ही केवळ लोकानुरंजनाची युक्ती आहे, असे कोणी म्हणेल. त्यांस मी चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा पंधरावा अध्याय उघडण्यास सुचवितो. रुग्णासाठी उभारावयाच्या घराची सामग्री तेथे दिली आहे. तीत औषधे, भांडी व परिचारक तर आहेतच. परंतु गाणारे, वाजविणारे, आख्यायिका व पुराणे सांगणारे लोक आणि दुभती गायही आहे. रोगी माणूस आपल्या जगातून उपटून आणला तर बरा होण्यास वेळ लागतो, हे आचार्यांस ठाऊक होते. पहिल्याच अध्यायात ते असेही सांगतात की वनस्पतींची नावे व रूपे शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे आणि वनवासी जाणतात. परंतु तेवढ्यावर ते थांबत नाहीत. नाव व रूप जाणणे निराळे आणि उपयोग जाणणे निराळे, असेही बजावतात. दोन्ही ज्ञाने एकमेकांस भेटली पाहिजेत, हा त्याचा इत्यर्थ.

ती भेट कशी होते याचे एक लहानसे उदाहरण मला फार आवडले. तान्ह्या मुलांस छातीचा जो विकार होतो, ज्यास विदर्भात डब्बा म्हणतात व डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात, तो श्वास मोजून ओळखता येतो. दोन महिन्यांखालील मुलाचे श्वास मिनिटास साठ किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा अधिक भरले तर धोका समजावा. परंतु गावची सुईण निरक्षर. साठ मोजणार कशी? तिच्यासाठी एक साधन तयार झाले. त्यात मिनिटभर चालणारे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान्यांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली तर औषध सुरू! दहापर्यंत मोजता आले की पुरे. आम्ही मास्तर लोक मनुष्याला पाठाच्या मापाचा करू पाहतो. येथे पाठच मनुष्याच्या मापाचा करण्यात आला होता. त्या मुलीच्या वेळी असा एखादा मणी गावात असता तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

याच विचाराने पुढे १९९५ पासून जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांस नवजात बालकांची घरी शुश्रूषा करण्यास शिकविण्यात आले. प्रसंगी जंतुसंसर्गावर सुई टोचण्यासही. पहिल्या महिन्यातील बालमृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती हकीकत प्रसिद्ध झाली, आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे हे काम आले.

दारूची कथा निराळी. मोहाची दारू देवास वाहण्याची चाल तिकडे जुनी. दुकानातून येऊन संसार बुडविणारी दारू नवी. बायकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. कायद्याने दारू नाहीशी होते असे मानण्याइतका मी भोळा नाही. चोरटी विक्री राहिलीच, म्हणून २०१६ पासून मुक्तिपथ या नावाने गावोगाव पुन्हा काम करावे लागले. जेथे गाव स्वतः बसून ठरविते तेथेच बंदीत जीव राहतो. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव बहुमताने नव्हे तर सर्वसंमतीने निर्णय घेण्याबद्दल प्रसिद्ध आहे. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला.

तथापि जे जे त्यांचे ते ते उत्तम, असे म्हणण्यास मी तयार नाही. माडिया गावांत मासिक धर्माच्या दिवसांत स्त्रियांनी गावकडेच्या कुर्माघरात राहावयाचे असते. पडक्या, काळोख्या झोपड्या, पावसाळ्यात साप-विंचू. त्यांत स्त्रियांचे प्राण गेलेले आहेत. अलीकडे काही गावांत ती घरे पक्की बांधण्यात आली. त्यावर, चाल मोडावयाची सोडून तिला पक्क्या भिंती कशाला, असा आक्षेप निघाला. आक्षेप खरा आहे. परंतु आज रात्री जी मुलगी तेथे निजणार आहे तिला दाराची कडी हवी, हेही खरे आहे.

आणि हसण्याचा अधिकार तरी आपणांस कोठे आहे? माझी आई महिन्याचे चार दिवस मागल्या पडवीत घोंगडीवर बसे. पाणी आम्ही मुले वरून ओतीत असू. आमच्या घरातील ती चाल माझ्या व्याख्यानांनी गेली असे नव्हे. सौ.ने एका सकाळी न बोलता चूल पेटविली, आईने क्षणभर पाहिले आणि भाजी चिरावयास घेतली. कोणी सरकारी मनुष्य येऊन आईस अडाणी म्हणाला असता, तर ती पडवी आणखी वीस वर्षे टिकली असती.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयता शोधग्राम पाहून आलो. एका झोपडीपुढे चूल पेटलेली होती, आत खाटेवर नातू निजलेला, आणि त्याची आजी तांदूळ निवडीत होती. दवाखान्यात माणूस येतो तो कोणासाठी तरी, असे धरून तिने मला विचारले, "तुमचं कोन हाये इथं?" मी "कोणी नाही" म्हणालो. तिला ते पटलेले दिसले नाही. तिने सौ.ला बसावयास जागा करून दिली.